मैदानबंदी

बाईंनी माझीच ओढणी काढून घेतली आणि माझे दोन्ही पाय बाकाला बांधले.

"आता हल बघू," त्या म्हणाल्या.

वर्ग हसला. बाईंनी गाठ ओढून बघितली, पक्की बसली म्हणून हात झटकले आणि फळ्याकडं वळल्या. गणिताचा तास होता. आठवीत होते मी.

माझा गुन्हा काय? मी पुन्हा जागेवरून उठले होते. का उठले, ते मला ठाऊक नव्हतं. बाई समीकरण मांडत होत्या आणि माझ्या डोक्यात पंख्याची कुरकुर, रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न, पुढच्या पोरीच्या वेणीतून सुटलेली बट, बाईंच्या बांगड्या, सगळं एकदम घुसत होतं. सगळ्याचा आवाज सारखाच मोठा. बाईंचे शब्द त्यातच कुठंतरी असायचे. मी शोधायची. सापडेपर्यंत बाई पुढं गेलेल्या असायच्या.

"बस ड्रायव्हरची पोर," बाई वर्गाला म्हणाल्या. "बुडाला चाकं लावूनच जन्माला आलीय."

पुन्हा हशा.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं डबे घेऊन गेली. बाईही गेल्या. गाठ सोडायला विसरल्या. हे मला जास्त लागलं. बांधलं ते रागानं. विसरल्या ते कशानं? मी वाकून नखांनी गाठ सोडवत बसले. दोन नखं तुटली. लघवी लागली होती. कशीबशी पोचले.

शाळा कोल्हापुरातली, मोठ्या लोकांची. सुटायच्या वेळी दारात चारचाक्यांची रांग लागायची. आम्ही मूळचे नेसरीकडचे, खेड्यातले. माझे आण्णा या शाळेची बस चालवायचे, म्हणून मला तिथं घेतलं होतं. 'आम्ही घेतलं म्हणून' हे वाक्य मी तिथं प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा ऐकलं.

त्याच आठवड्यात माझं मैदान बंद केलं. अभ्यास सुधारेपर्यंत खेळाचा तास नाही. बाकीचे खाली पळायचे आणि मी रिकाम्या वर्गात शुद्धलेखन लिहायची.

एक गोष्ट मला तेव्हाही कळत होती, फक्त सांगता येत नव्हती. खेळाच्या तासानंतर इतिहास असायचा. पळून आले, ड्रेस पाठीला चिकटलेला असला, की डोक्यातला गोंगाट खाली बसायचा. अक्षरं जागेवर राहायची. इतिहासाच्या सरांचं बोलणं आत जायचं. इतिहास हा एकच विषय मला येत होता. मैदान बंद झालं आणि इतिहासही गेला.

आमच्याच वर्गात संस्थेच्या एका विश्वस्तांचा मुलगा होता. तोही बसायचा नाही. बाकावर चढायचा, दुसऱ्यांच्या वह्या फेकायचा, बाईंचं वाक्य मध्येच तोडायचा. त्याला कुणी उनाड म्हणत नव्हतं.

"एनर्जी फार आहे हो त्याला," बाई कौतुकानं सांगायच्या. "जा बाळा, मैदानाला एक चक्कर मारून ये."

तो जायचा, पळून यायचा आणि खरंच शांत बसायचा. त्याला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय, त्यांनीच असं सांगितलंय, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. माझा त्याच्यावर राग नव्हता. त्याला मिळत होतं ते बरोबरच होतं. तेच मला का नाही, हे विचारायची अक्कल मला अजून आली नव्हती.

आईनं माझ्या घोट्यावरचे वळ बघितले. "ह्ये कशानं?" मी सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुला डोक्यात कसं वाटतं?" आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी पंखा, रिक्षा, वेणी, सगळं सांगितलं. इतिहासाचंही सांगितलं. त्यांनी मला बऱ्याच वेळा बोलावलं, तपासलं आणि मग आईला नीट समजावलं. लक्ष धरून ठेवायला मेंदूत काही रसायनं लागतात. हिच्या मेंदूत त्यांचं काम ढिलं चालतं. जोरात पळलं, दम लागला, की ती वाढतात आणि पुढं काही वेळ लक्ष टिकतं. तेवढ्यानं हे बरं होत नाही, गोळीही लागेल. पण हिचा व्यायाम बंद करणं म्हणजे हिच्यावर अन्यायच आहे.

"म्हंजे ही मुद्दाम करत न्हाय?" आईनं विचारलं.

"नाही हो. ती तुमच्यापेक्षा जास्त दमते, एका जागी बसायला."

आई खुर्चीतून उठेचना.

आण्णा आणि आई मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये गेले. मीही होते. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. आईनं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मुख्याध्यापिका ऐकून हसल्या.

"असले आजार तुमच्यात कधीपासून व्हायला लागले?"

आण्णा हात जोडून उभे होते.

"चार फटके द्या घरी. तेच औषध."

"व्हय म्याडम," आण्णा म्हणाले.

त्या 'व्हय'नं माझ्या आत काहीतरी तुटलं. बाकाला बांधलं तेव्हा मी रडले होते. आता रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास. विश्वस्तांच्या मुलानं बाक वाजवायला सुरुवात केली.

"जा बाळा, चक्कर मारून ये."

तो दाराबाहेर गेला. मी उठले.

"मलापण जायाचंय."

"तू खाली बस."

"न्हाय बसत."

घरातली बोली त्या वर्गात मी पहिल्यांदा काढली. कुणी हसलं नाही.

"त्याला मेंदू हाय, आन माझ्या डोस्क्यात काय भुसा हाय?"

बाई माझा हात धरायला आल्या. मी झटकला. जिना उतरले, मैदानावर गेले आणि पळाले. जीव खाऊन पळाले. वर गॅलरीत पोरं गोळा झाली. मुख्याध्यापिका बाहेर आल्या. मैदानाच्या कडेला आण्णा बसच्या काचा पुसत होते.

"धरून आणा तिला!" मुख्याध्यापिका वरून ओरडल्या. "नाहीतर उद्यापासून तुम्हीपण येऊ नका!"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी थांबले नाही. मला वाटलं, हे येणार, मला धरणार, सगळ्यांसमोर मारणार. आण्णांनी हातातलं फडकं बसच्या बॉनेटवर टाकलं.

"पळू दे की तिला, म्याडम," ते वर बघून म्हणाले. "औषध घ्यायलीया ती."

आण्णांची नोकरी त्याच दिवशी गेली. माझी शाळाही. ते वारणानगरकडं दुधाचा टेम्पो चालवायला लागले. मी महापालिकेच्या शाळेत गेले. रोज शाळेआधी पळायची, गोळी घ्यायची, मग पुस्तक उघडायची. पळून सगळं बरं झालं असं नाही. अजूनही गॅसवर दूध ठेवून विसरते, बोलता बोलता मध्येच हरवते. पण मी शिकले. शिकू दिलं नव्हतं, तरी शिकले.

आज मी कोल्हापुरातल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. परीक्षा जवळ आली की गणितवाले, विज्ञानवाले माझा तास मागायला येतात. मी देत नाही. स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी धड बोलत नाही. नको बोलू देत.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी सातवीतल्या एका पोरीचं नाव घेऊन मला सांगितलं, "तिला मैदानावर घेऊ नका. शिक्षा आहे."

"घेणार," मी म्हटलं.

"मॅडम, मी नोटीस काढीन."

"काढा."

त्यांनी काढली. मी ती घेतली, त्यांच्यासमोर सही केली आणि त्या पोरीला हाक मारून खाली नेलं. उद्याही नेणार. दुसरी नोटीस आली तरी नेणार. नोकरी घ्यायची तर घ्या. माझ्या देखत एकाही पोराचं मैदान बंद होणार नाही.