डॉक्टरांनी दोनदा विचारलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ नाही, साकोलीला दिलेल्या माझ्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा ओठांवर दुसरंच काहीतरी येतं — मुलीला सुखी ठेव, असलं काहीतरी. आता तिचं नाव घेऊन देवाला फसवायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. पण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ बसते जरा.

आमचं घर दिघोरीला. धानाची शेती, आणि मी अंगणवाडीत मदतनीस — लेकरांची खिचडी शिजवायची, भांडी घासायची, खाली बसायचं, उठायचं. गुडघे माझे त्यातच गेले. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं या गुडघ्यांपासूनच सुरू होतं.

आणि एक कुत्रा होता. भुऱ्या. माझी एकुलती एक मुलगी प्रणाली शाळेत होती तेव्हा तलावाच्या पाळीवर सापडलेलं पिल्लू ती फ्रॉकमध्ये गुंडाळून घेऊन आली. यांनी नको म्हटलं, मीही नको म्हटलं, आणि तो राहिला. प्रणाली नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तेव्हा बसमागे पार फाट्यापर्यंत धावला होता. त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आधी विचारायची, भुऱ्या कसा आहे. मग बाबा. मग मी.

त्याचं दुखणं मला सगळ्यात आधी कळलं. हे मी कबूल करते — मला कळलं नव्हतं असं नाही. कुत्रं दुखलं म्हणून रडत नाही हो. ते फक्त थोडं थोडं कमी होत जातं. सकाळी उठताना तो पुढचे पाय टेकायचा आणि थांबायचा, जसं मागचं धड दुसऱ्या कुणाचं आहे. मग कसंबसं उचलायचा. चार पावलं लाकडासारखी टाकायचा, आणि अंगणात एक चक्कर झाली की बरा दिसायचा. म्हणून वाटायचं, काही नाही, थंडी आहे. पण सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, पायऱ्या चढायच्या आधी तो खाली उभा राहून त्यांच्याकडे पाहायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उडी मारणं त्यानं सोडलं. पाय वर न करताच लघवी करू लागला. डावा गुडघा सारखा चाटायचा, तिथले केस गेले. हे सगळं मला दिसत होतं, कारण मीही सकाळी खाटेच्या काठावर तशीच बसून राहते — आता उभं राहायचं आहे, याची हिंमत गोळा करत.

मग एकदा मी त्याला मारलं. झाडताना तो उठेना. घाईत होते, अंगणवाडीची वेळ झाली होती. झाडूनं ढकललं तर गुरगुरला. माझ्यावर! मी तोच झाडू त्याच्या पाठीवर घातला. तो उठला — कसा उठला ते मी पाहिलं — आणि गोठ्यात जाऊन बसला. दिवसभर जेवला नाही.

हेच ते? नाही. हे असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

प्रणालीला मी एकदा बोलून गेले की भुऱ्या लंगडतो. झालं. रोज तेच. डॉक्टरकडे ने, आई. साकोलीला चांगले डॉक्टर आहेत म्हणतात, घेऊन जा. तिच्या आवाजातली काळजी मला ऐकू यायची. पण कापणीचे दिवस होते. धान शेतात उभं, मजूर मिळेना, आणि त्यात मी कुत्र्याला ऑटोत घालून साकोलीला जाणार? लोक काय म्हणतील, हेही होतंच. जाते, जाते म्हणत राहिले. एका संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं — नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.

किती सोपं होतं ते. फोनवर ती हसली. मला एवढं हलकं वाटलं, की खोटं बोलल्याचं वाटलंच नाही.

त्याच वेळी ती म्हणाली होती, "आई, त्याले आपली गोळी देजो नको हं. कुत्र्याले ते चालत नाई."

"मी कायले देऊ?" मी म्हटलं.

तेव्हा मी खरंच देत नव्हते. मग थंडी वाढली. एक दिवस तो उठायला गेला आणि मागचे पाय घसरून बसकण मारली त्यानं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुकतीच माझी गुडघ्याची गोळी घेतली होती, पाकीट हातातच होतं. पोळीच्या तुकड्यात घालून त्याला दिली. दुपारी तो चक्क फाटकापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग रोजच. याला तुम्ही दया म्हणाल? मीही म्हणत होते. पण खरं सांगू — तो लंगडला नाही म्हणजे माझं खोटं उघडं पडणार नव्हतं. दया किती होती आणि भीती किती, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

संक्रांतीला प्रणाली आली. तो तिला भेटायला धावला, आणि अर्ध्या अंगणात थांबला. ती तिथंच मातीत त्याच्याजवळ बसली. मांडीवर हात फिरवला. नर्सिंगचा हात तो, लगेच कळलं तिला. म्हणाली, याची मांडी किती पातळ झाली आहे, हे काही आठ दिवसांतलं नाही. माझ्याकडे वळून पाहिलं तिनं. मी चुलीकडे गेले. दुसऱ्याच दिवशी तिनं भाड्यानं एक मालवाहू ऑटो सांगितला. सकाळी निघायच्या आधी मी भुऱ्याला गोळी दिली. रस्त्यानं धक्के बसतील, त्याला सोसवावे म्हणून.

वाटभर माझ्या मनात एकच होतं. डॉक्टर मला पाहून म्हणतील, तुम्ही तर कधी आलाच नाहीत! पण प्रणालीनं तिथं तो विषयच काढला नाही. तिनं मला वाचवलं की तिला खरंच काही वाटलं नाही, हे मला आजही माहीत नाही.

डॉक्टर भले माणूस. त्यांनी भुऱ्याला चालवून पाहिलं, बसवून पाहिलं, मग एकेक पाय हळूच वाकवला. गुडघ्यावर हात ठेवून प्रणालीला म्हणाले, इथं हात ठेव, करकर लागते का बघ. सांधे झिजलेत, म्हणाले. पहिल्यासारखा होणार नाही, पण सुखात ठेवता येईल. घरात टाइल्स असतील तर पोती अंथरा, त्याचा पाय घसरू देऊ नका. झोपायला गार जमीन नको. गरम कपड्यानं शेका. वजन वाढू देऊ नका. फिरवा, पण थोडं थोडं आणि सावकाश. अजिबात बसवून ठेवलं तर आणखी आखडेल. उड्या बंद. आणि जेवणानंतर गोळी. हे सगळं इतकं साधं होतं, की मला तिथंच रडू यावं. पोती तर आमच्या घरी ढिगानं पडली होती.

मग इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं, "घरची, माणसाची दुखण्याची गोळी दिली का याले? दिली असंन त सांगा. मग मले हे आज नाई देता येत, काही दिवस थांबा लागते. दोन्ही पोटात गेल्या त आतून रक्त जाते."

एवढं स्पष्ट सांगितलं त्यांनी. पुन्हा सांगते — मला समजलं नाही असं नव्हतं.

प्रणाली माझ्याआधी बोलली. आमच्या घरी कुणी देत नाही, म्हणाली, मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. संशय असता तर कदाचित मी बोलले असते.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं.

दोन-तीन दिवस तो छान होता. प्रणालीनं पोती अंथरली, वीट गरम करून कपड्यात गुंडाळून शेकलं, जेवणानंतर स्वतःच्या हातानं गोळी दिली. माझं पाकीट मी चुलीत घातलं होतं. मी त्याच्याकडे पाहत राहायचे. जेवतो का? पाणी पितो का? मनात म्हणायचे, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. मग त्यानं जेवण सोडलं. मग शौचाला काळं झालं, डांबरासारखं. प्रणालीनं ते काडीनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

मी दारात उभी होते. तिकडून ते काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण तिनं फोन कानाला तसाच ठेवून मान वळवली.

"आई, खरं सांग. काही दिलं होतं का तू? डॉक्टर पुन्हा विचारून राहिले."

ही दुसरी वेळ. अजून तो जिवंत होता. भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे होते. मी 'हो' म्हटलं असतं तर ते काय करू शकले असते? काही वेगळं औषध दिलं असतं? तो वाचला असता? मला माहीत नाही. ते माहीत करून घ्यायचं धाडसही मी कधी केलं नाही. पहिल्या वेळी मी लाजेनं खोटं बोलले, असं समजू या. दुसऱ्या वेळी मला समोर दिसत होतं की तो मरतो आहे, आणि तरी मला माझीच पडली होती. आता सांगितलं तर दवाखान्यातलं खोटंही निघेल, फोनवरचंही निघेल, पोरगी माझ्याकडे कशी पाहील — हेच, एवढंच माझ्या डोक्यात.

मी मान हलवली. नाही.

ती फोनवर म्हणाली, "नाई डॉक्टर. फक्त तुमचीच गोळी. मीच देत होती."

डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला सांगितली, ताबडतोब घेऊन या म्हणाले. ऑटो येईपर्यंत तो गेला. दुपार होती. प्रणालीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती रडली नाही. औषधाचं पाकीट उलटसुलट करून वाचत होती, वजनाप्रमाणे किती द्यायची ते मनाशी जुळवून पाहत होती. पुन्हा पुन्हा. शेवटी म्हणाली, मी बरोबर दिली होती का गं? का जास्त झाली माझ्या हातानं?

मी काय म्हटलं असेल?

मी म्हटलं, होतं असं. तू मनाला लावून नको घेऊ.

म्हणजे 'जास्त झाली नाही' असं नाही म्हटलं. 'तू नाही, मी' असं तर नाहीच. होतं असं, म्हटलं. माफ केल्यासारखं. तिला मीच माफ केलं, बघा.

तिनं नर्सिंग पूर्ण केलं. पण वॉर्डात टिकली नाही. गोळ्या वाटताना, म्हणायची, एकेका गोळीचं नाव तीनतीनदा वाचते आणि बाकीच्या मुली पुढे निघून जातात. आता भंडाऱ्याला एका दवाखान्यात काउंटरवर बसते, पेशंटची नावं लिहून घेते. यांना वाईट वाटतं, एवढं शिकून काउंटरवर. लोक विचारतात, काहून सोडलं? ती हसून म्हणते, ड्यूटी सोपी आहे इथं. मी शेजारी उभी असते.

तिच्या सासरी एक कुत्री आहे, म्हातारी झाली आता. मागच्या आठवड्यात प्रणालीचा फोन आला. ती कुत्री सकाळी उठायला वेळ लावते, जिना चढत नाही. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांधे सांगितले, गोळ्याही दिल्या. गोळ्यांना हात लावला नाही तिनं. सतरंज्या अंथरते, शेकते, पण गोळी देत नाही. सासरचे म्हणतात, कुत्री कण्हते रात्रीची, देऊन टाक. "मले नाई होत, आई," ती म्हणाली. "एकडाव माझ्या हातानं झालं ना."

मग ती थांबली. ते माझ्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. एकच वाक्य. तिची कुत्री सुखानं झोपली असती त्या वाक्यानं. ती स्वतः झोपली असती.

मी विचारलं, "जेवली का तू?"

"जेवली," ती म्हणाली.

मग आम्ही भाजीचं बोललो.