वजनापुरत्या दोघी

"सीटवर नको. खाली बसा म्हणावं. वजनच पाहिजे ना तुला? ते खाली बसलं तरी तेवढंच भरतं."

हे वकिलाची बायको बोलली. आईशी नाही, माझ्याशी नाही. टांगेवाल्याशी. आम्ही दोघी तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होतो.

सोलापूर स्टेशनाच्या बाहेरची गोष्ट. सकाळची वेळ, पुण्याकडची गाडी नुकती येऊन गेली होती. मी तेरा वर्षांची असेन. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्याला दोन वर्षं झाली होती. आई गिरणीत रिळाच्या खात्यात होती. तीन दिवसांपूर्वी बॉबिनीची पेटी तिच्या पायावर पडली. पाय सुजून मडक्याएवढा झाला होता. हळद-चुना लावून वर चिंधी बांधलेली.

गिरणीत असा रिवाज होता की बाई आजारी पडली तर तिसऱ्या दिवशी तिनं गेटावर येऊन नायकिणीला, म्हणजे खात्यातल्या बायांवरच्या मुकादमणीला, तोंड दाखवायचं. दुसरा भोंगा व्हायच्या आत. निरोप चालत नसे, पोरगी पाठवलेली चालत नसे. स्वतः यायचं. तोंड दाखवलं तर रजा. नाही दाखवलं तर नाव कटलं, आणि जागा गेटावर ताटकळणाऱ्या बदलीवालीला. आमच्या घरात कमावणारी आई एकटीच. तो तिसरा दिवस होता.

आमची वस्ती स्टेशनाच्या पलीकडे, गिरणी शहराच्या दुसऱ्या टोकाला. एरवी आई पायी जायची. आम्ही टांग्यात कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी माझ्या खांद्यावर भार टाकत ती स्टेशनापर्यंत आली आणि तिथं तिचा दम संपला. तेवढ्यात महबूब टांगेवाल्यानं हाक मारली.

"अम्मा, गिरनीकू जाना क्या? आव, बैठो."

आईला वाटलं, देव पावला. देव कसला. त्याला वजन हवं होतं.

आता टांगे राहिले नाहीत म्हणून सांगते. टांग्याला दोनच चाकं. पुढं टांगेवाला आणि त्याच्या शेजारी एखाददुसरा माणूस. मागची माणसं मागं तोंड करून बसतात. मधे एकच फळी, तिला दोन्हीकडून पाठी टेकायच्या. मागं भार जास्त झाला की टांगा उलाळ होतो. घोड्याला जुंपलेल्या दांड्या वर उठतात, पोटपट्टा घोड्याच्या पोटात रुततो, घोडा अधांतरी होतो. मागं वकील आणि त्याची बायको बसली होती, दोघंही अंगानं भरलेली. कुठलंसं लग्न उरकून आली असावीत, कारण दोन ट्रंका, वळकटी आणि लाडवांच्या टोपल्या होत्या. दांड्या आभाळाकडं बघत होत्या. महबूब त्यांना लोंबकळून उभा होता.

आई पुढच्या सीटवर हात ठेवून चढायला लागली. तेवढ्यात वकिलाच्या बायकोनं मान वळवून विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?"

आईनं वस्तीचं नाव सांगितलं. आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नसे.

मग ती म्हणाली ते मी वर लिहिलंच आहे. पाठीला पाठ लागेल, एवढीच तिची अडचण. मधे फळी होती, तरी. आईचा हात जिथं टेकला होता ती जागा तिनं महबूबकडून पुसून घेतली. त्याच्याजवळ एकच फडकं होतं. घोडा पुसायचं. त्यानं पुसलं, आणि तिला ते चाललं.

टांगेवाला जिथं पाय ठेवतो त्या फळीवर आम्ही बसलो. माझ्या एका बाजूला महबूबचे जोडे, समोर घोड्याचं ढुंगण. शेपटी तोंडावर यायची. आईचा दुखरा पाय बाहेर लोंबत होता, प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची. पण दांड्या खाली आल्या, टांगा सरळ झाला. वकील मागून म्हणाला, "हां, आता कसं बरोबर झालं."

मी आईच्या कानात म्हटलं, उतरू या. ती म्हणाली, "गप बस. पाय न्हाय माजा, बसायला मिळालंय की."

भाडं आमच्याकडून पूर्णच ठरलं होतं.

बाजाराच्या रस्त्याला लागलो आणि टांगा मुंगीच्या पावलानं चालायला लागला. मंद्रूपकडच्या बैलगाड्या ज्वारी घेऊन आल्या होत्या. कापसाच्या गाठींचे छकडे, हातगाड्या, डोक्यावर लुगड्यांचे गठ्ठे घेतलेले विणकर एकमेकांना तेलुगूतून ओरडून वाट मागत होते. एक मोटार भोंगा वाजवत मधेच घुसली. तेव्हा शहरात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे सगळे तिच्याकडं बघत उभे राहिले आणि रस्ता आणखी तुंबला. महबूब चाबकाचा दांडा चाकाच्या आऱ्यांवर धरून कटकट वाजवत होता. कोण हलतंय.

पहिला भोंगा झाला.

आईनं माझा दंड धरला. पहिल्या आणि दुसऱ्या भोंग्यात अर्धा तास. तिथून पुढं डावीकडं गिरणीचा रस्ता फुटत होता. टांगा वळला की पोचलोच. नाक्यावर आलो आणि महबूबनं लगाम डावीकडं ओढला.

"अरे, तिकडं कुठं?" वकील मागून म्हणाला. "आधी घरी घे. सामान आहे."

वकिलाचं घर उजवीकडं, पेठेत. तिथं जाऊन परत यायचं म्हणजे त्या गर्दीत तास गेला असता.

महबूब आम्हाला हळूच म्हणाला, "ठैरो अम्मा, वकीलसाबकू छोडके तुमकू ले जातूं." तोही बिचारा भाड्याचा माणूस.

आई म्हणाली, "मग आमी हितंच उतरतो, दादा. पोरगी धरंल मला."

तर वकील म्हणाला, "उतरायचं नाही. तुम्ही उतरलात तर टांगा उलटेल. घरापर्यंत गप बसा."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. सीटवर बसू द्यायचं नाही. आणि उतरूही द्यायचं नाही. कडब्याच्या पेंढीला कुणी विचारत नाही, तुला कुठं जायचंय.

आईनं हात जोडले. ज्याला जोडले त्याला ते दिसतही नव्हते, त्याची पाठ होती आमच्याकडं. "मालक, नाव कटंल वो माजं. तिसरा दिस हाय." मीही विनवलं. मी म्हटलं, काका, दुसरा भोंगा व्हायला आलाय. त्याला काका म्हटलं मी. आज लिहितानाही जीभ विटाळल्यासारखी वाटते. नाक्यावर टांगा अडकून पडला होता आणि आम्ही दोघी एका पाठीची विनवणी करत होतो. किती वेळ केली ते सांगता येत नाही. फार वेळ केली.

त्याची बायको म्हणाली, "या मेल्यांचं रडगाणं कधी संपत नाही. चल रे, हाक."

मी उडी मारली.

चुकून झालं, पोरवयात झालं, असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. टांग्याचं काय होणार ते मला पक्कं माहीत होतं. स्टेशनावर दांड्या बघितल्या होत्या मी. खाली उतरून मी आईच्या कमरेला मिठी घातली आणि तिला ओढून काढलं.

दांड्या उठल्या. घोड्याचे पुढचे पाय जमीन सोडून हवेत चालायला लागले. मागची पायरी दाणकन रस्त्यावर आपटली. आधी ट्रंका गेल्या, मग टोपल्या, मग वकिलाची बायको घसरत जाऊन चिंचा विकणारणीसमोर मांडी घालून बसल्यासारखी बसली. लाडू रस्त्यावर. वकील टपाला धरून लोंबत होता आणि आम्हाला शिव्या देत होता. चिंचा विकणारीण तिला म्हणाली, "किती देऊ, बाई?" लोक हसले. मी हसले नाही. मला घोड्याचं वाईट वाटत होतं.

महबूब दांडीला लटकून घोडा खाली आणत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता चाबूक ओढतो. तो म्हणाला, "अब देखती क्या? भाग."

मी आईला पाठीवर घेतलं. ती माझ्याहून जड, तिचा चांगला पाय जमिनीला घासत होता. मी पळाले म्हणवत नाही, पण थांबले नाही. गिरणीची चिमणी दिसली. गेट दिसलं. गेटाची बारकी दिंडी उघडी दिसली, आत नायकिणीचं हिरवं लुगडं दिसलं. आणि दुसरा भोंगा झाला. पहारेकऱ्यानं आमच्याकडं बघत बघत दिंडी लावली.

आईनं बाहेरून हाका मारल्या. नायकीण आतून म्हणाली, "आता काय उपेग? दिली जागा."

आई गेटासमोर खाली बसली. तिनं मला जवळ बोलावलं आणि सगळ्या बदलीवाल्या बायांच्या देखत माझ्या थोबाडीत मारली. म्हणाली, "वजनाला बसली असतीस तर काय झिजलं असतं तुजं?"

"झिजलं असतं," मी म्हटलं.

तिनं दुसरी ठेवून दिली.

पाय बरा झाल्यावर तिनं लोकांच्या दळणाची जाती ओढली. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या गिरणीत लागले. आई मरेपर्यंत हेच म्हणत राहिली की माझ्या तोऱ्यापायी तिचं नाव गेलं. मी तिला पुष्कळदा हिशेब समजावला, की वकिलाच्या घरी जाऊन आलो असतो तरी नाव गेलंच असतं. तिला पटलं नाही. तिला पटावं म्हणून मी हे लिहीत नाही.

माझी चूक मला ठाऊक आहे. उडी मारली ही नाही. उशिरा मारली, ही. दिंडी डोळ्यांदेखत लागली. नाक्यावर त्या पाठीला जे विनवत बसलो, तेवढ्या वेळात आम्ही आत गेलो असतो.

त्यानंतर मी विनवणी केली नाही. नायकिणीची नाही, मालकाची नाही, नवऱ्याची नाही. टांग्यात, पुढं सर्व्हिस मोटारीत, मग एसटीत, मी आधी सीटवर बसते. बसल्यावर भाडं विचारते. कुणी विचारलं, कुठल्या तुम्ही, तर आईसारखंच वस्तीचं नाव सांगते, मोठ्यानं सांगते, आणि पाठ टेकते. आता ऐंशी उलटली. अजून तसंच.

ज्याला उतरायचं असेल त्यानं उतरावं.