हसनमियाँचा जपानी गडगा

२०२४ साल. माझं वय एकोणसत्तर. चौथी शिकलेल्याने लिहू नये असा कायदा अजून इथे आलेला नाही, म्हणून लिहितो.

हसनमियाँ इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर होता. गाव रत्नागिरीकडचं, आमच्या गावासमोर, खाडीपलीकडे. एकदा कंपनीने नवी मशीन शिकायला त्याला आठ दिवस जपानला धाडलं. हात माझा चांगला होता, जायला मी हवा होतो. पण फॉर्म इंग्रजीत भरायचा होता आणि हसनमियाँ सातवी पास! एवढा विद्वान कंपनीने सोडायचा कसा?

आठ दिवस राहून आला आणि पुढची वीस वर्षं जपानीच राहिला. मेसमध्ये डाळ सांडली की, "आमच्या जपानात असं नसतं." बस उशिरा आली की, "जपानात बस बघून घड्याळ लावतात." लुंगी तेवढी रत्नागिरीची राहिली.

खास गोष्ट किल्ल्याची. सुट्टीच्या दिवशी त्याला डोंगरावरच्या बागेत नेलं होतं. "किल्ला नाय, तो कधीच गेला. नुसती दगडाची भिंत, चार माणसं उंच. सिमेंट नाय, चुना नाय. आपला गडगा रे, दाऊदभाय! फटीत दगडाच्या चिपा ठोकल्यात, माझा बाप ठोकायचा तशा."

गडगा म्हणजे कुंपणाला रचलेला कोरडा दगड. उंची कंबरेएवढी, तीही म्हैस दरवर्षी पाडते. मी स्वतः रचलेत. भर मेसमध्ये उभा राहिलो. "चार माणसं उंच गडगा? खोटारडा आहेस तू!"

हसनमियाँने ताट बाजूला सारलं. "मला काय पण म्हण. माझ्या बापाचं काम मी ओळखतो." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला; जपान मात्र साऱ्या मेसला ऐकवत राहिला. माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

यंदा मुलाने आम्हाला जपान दाखवलं. इथल्या अल रीम आयलंडला तेराव्या मजल्यावर राहून त्याला तिथेही उंच टॉवरच बघायचे होते. मी बागेचं नाव सांगितलं. वीस वर्षं ऐकून पाठ झालं होतं.

चढून वर गेलो. लोक झाडांखाली डबे उघडून बसलेले, फुलांचे फोटो काढत होते. मी भिंतीपाशी गेलो. चार कुठली, पाच माणसं उंच. फटीत बोट घातलं. चीप होती. निमुळतं टोक आत, घट्ट.

नात म्हणाली, "दादा, इट्स जस्ट अ वॉल."

"गप. गडगा आहे."

परतलो त्याच संध्याकाळी वर्कशॉपमधून फोन. हसनमियाँचा व्हिसा खलास, कायमचा गावी निघालाय. उद्या दुपारचं विमान, सध्या अजमानला मुलीकडे आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो आणि बस बदलत अजमान गाठलं. दार त्यानेच उघडलं.

"बाग बघून आलो," मी म्हणालो. "भिंत पाच माणसं उंच आहे. तू चार सांगितलीस. म्हणजे खोटं बोललासच."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि चिपा?"

"तुझ्या बापाच्याच."

तो दारातून बाजूला झाला. "ये आत. चपला बाहेर काढ. आमच्या जपानात..."

चपला रत्नागिरीतही बाहेरच काढतात, हे मी बोललो नाही. वाकलो आणि काढल्या.