शिकारीचं लायसन्स आणि बायकोची साक्ष

मेलबर्न सोडून आम्ही सिडनीला, स्कोफिल्ड्सच्या नव्या घरात आलो आणि ऑफिसातले मित्र सशांच्या शिकारीला चल म्हणून मागे लागले. लायसन्स काढायला मी पुण्याहून आणलेली माझी जाडजूड फाइल घेऊन गेलो. दहावीच्या मार्कशीटपासून रेशनकार्डाच्या झेरॉक्सपर्यंत तिच्यात सगळं आहे.

काउंटरवरच्या बाईने ती शांतपणे चाळली. "यात तुम्ही इथे राहता असं कुठेच दिसत नाही," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. पण तिचं खरं होतं. घराचा करार, वीज, इंटरनेट, सगळं बायकोच्या नावावर. शेवटी बायकोने येऊन सांगितलं तरी चालेल, असं ठरलं. बायको पक्की शाकाहारी, त्यात श्रावण चालू. तरी आली बिचारी.

"हा तुमच्याबरोबर राहतो का?" बाईने विचारलं.

"सध्या तरी राहतो," बायको म्हणाली. "घरात ससा आणला तर नाही राहणार."

बाईने ते निमूटपणे टाइप केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "लायसन्स एक वर्षाचं देऊ की पाच?"

मी एकाच वर्षाचं घेतलं.