पक्की गाठ

घरात तो धाकटा, जहाजावरच्या अधिकाऱ्यांतही धाकटा, तेव्हा आपणही त्याला धाकटाच म्हणू. हुद्दा थर्ड ऑफिसरचा. ऐकायला भारदस्त, पण हुकूम सगळ्यांचे आणि धावपळ याची, असा तो मामला. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या खोलीत, पहारा द्यायचा, आणि उरलेल्या वेळात जहाज बुडालं तर माणसं वाचवायला जे जे लागतं ते सांभाळायचं. लाइफजॅकेटं, बोटी, आग विझवायची नळकांडी, सगळं याच्या गळ्यात. गंमत अशी की ह्या वस्तूंची गरज कधी पडूच नये असं सगळ्यांना वाटतं, त्यामुळे काम चुकलं तरी कुणाच्या नजरेस येत नाही.

तर धाकटा सुट्टीवर घरी आला होता. आल्या आल्या आईनं कामाला जुंपलं. बाल्कनीतली कपड्यांची दोरी सैल झाली होती.

"पक्की बांध रे बाबा. मागच्या वेळी तुझ्या बाबांनी बांधली, चादरी थेट खालच्यांच्या अंगणात."

"मी बांधतोय, आई. जहाज बुडालं तरी सुटायची नाही!"

बोलून गेला, आणि हात जागच्या जागी थांबले. हीच गाठ. अगदी हीच गाठ त्यानं जहाज सोडायच्या दिवशी मारली होती.

झालं होतं असं. जहाजाच्या कडेला पांढऱ्या पिंपात घडी करून ठेवलेला राफ्ट, म्हणजे फुगणारा तराफा, असतो. जहाज बुडालंच तर एक खटका पाण्याखाली आपोआप सुटतो, पिंप वर येतं, त्याची दोरी ताणली जाते आणि राफ्ट फुगतो. आता त्या दोरीचं दुसरं टोक जहाजाला बांधायचं ते मुद्दाम एका कच्च्या, पातळ दुव्याला. राफ्ट फुगला की बुडत्या जहाजाच्या ओढीनं तो दुवा तुटला पाहिजे. नाही तुटला, तर जहाज राफ्टलाही खाली घेऊन जाणार.

त्या दिवशी पिंप तपासणी होऊन परत आलं होतं. खाली धक्क्यावर त्याला न्यायला गाडी उभी, कंपनीचा एजंट हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि धाकट्याचं अर्धं मन घरी पोचलेलं. त्यानं दोरी घेतली आणि डेकच्या जाड लोखंडी कडीला आवळली. वर दोनदा ओढून पाहिली, म्हणे पक्की आहे! पक्की होती, तेच तर चुकलं होतं.

"काय रे, चेहरा का उतरला?" आईनं विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

आत बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आता सेकंड ऑफिसर होणार आमचा. कंपनीनं बोलावलंय." धाकट्याला ते बाहेर ऐकू आलं. चूक कळवली तर बढतीवर पाणी. आणि न कळवली तर? तर काय, नवा थर्ड ऑफिसर बघेलच की. बदलीवर आलेला माणूस सगळं तपासूनच ताब्यात घेतो. असं त्यानं मनाला पटवलं. पण मन काय एवढं भोळं असतं? तो स्वतः जहाजावर चढला तेव्हा त्यानं ती दोरी कुठे वाकून पाहिली होती? लांबूनच मान डोलावली होती.

जेवायला बसला, पण लक्ष ताटात नव्हतं. सारखा डोळ्यांपुढे आचारीमामा. जहाजावरचा आचारी, आयुष्य समुद्रावर गेलं आणि पोहता येत नाही! बचावाच्या दर सरावाला त्या पिंपाकडे बोट दाखवून विचारायचा, "साहेब, हे खरंच उघडतं ना?" आणि धाकटा त्याच्या पाठीवर थाप मारायचा, "मामा, माझ्यावर सोडा. बिनधास्त झोपा."

मामा बिनधास्त झोपत असेल. ह्या विचारानं धाकट्याला स्वतःचीच किळस आली. तरीही तो दिवस त्यानं काढला. दुसराही काढला. मेसेज लिहायचा, पुसायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी हवामानाचा नकाशा उघडला, तर जहाजाच्या वाटेवर वादळ पसरलेलं. मग मात्र त्यानं जहाजाचा सॅटेलाइट फोन लावला.

ब्रिजवर पहाऱ्याला नवा थर्ड ऑफिसरच होता. वयानं बराच मोठा, साध्या खलाशापासून वर आलेला.

"दादा, डाव्या बाजूच्या राफ्टची दोरी..." धाकटा घाईघाईनं सांगू लागला. "मी कडीला बांधलीय. दुव्याला नाही. आत्ताच्या आत्ता सोडवा."

"सोडवली," दादा म्हणाला. "पहिल्याच फेरीत दिसली. त्याच दिवशी नीट बांधली."

धाकट्यानं खुर्ची ओढली आणि बसला. इतकं हलकं वाटलं की रडूच यायचं. "मग मला कळवलं का नाही?"

"तुझ्या फोनची वाट बघत होतो."

मग दादाच पुढे म्हणाला, "तो आचारी रोज विचारतो. साहेब घरी पोचले का, फोन आला का त्यांचा?"

"तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, अजून नाही आला."

धाकट्याला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हलकेपणा कुठल्या कुठे गेला. राफ्ट वाचला होता, पण त्यात त्याचा काडीचा हात नव्हता. त्यानं मामाला त्या पिंपाच्या भरवशावर ठेवलं होतं आणि इथे दोन रात्री गादीवर काढल्या होत्या.

"कॅप्टनला सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? गाठ तुझी."

शेजारच्या काकू आल्या होत्या. बाहेर आई हसून सांगत होती, "हो, सेकंड ऑफिसर! पगारही वाढणार." धाकट्यानं उठून खोलीचं दार लोटलं.

"दादा," तो म्हणाला, "कॅप्टनना फोन द्या."

दादानं काही विचारलं नाही. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, दूर जाणारी पावलं ऐकू आली. मग बराच वेळ नुसता इंजिनाचा घरघराट. फोन ठेवून द्यायला कुणी अडवलं नव्हतं. धाकट्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

"हां, बोल," कॅप्टन म्हणाले. "घरी सगळं ठीक?"

"घरी ठीक आहे, सर," धाकटा म्हणाला. "जहाजावर मी ठीक केलं नव्हतं."