अभ्यास सवडीने, प्रवेश मात्र आजच!

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलं आहे.

एसटी स्टँडजवळ इंटरनेटवरून बी.ए. करून देणारं एक केंद्र निघालंय. आंब्याचा सीझन उरकला की जूनमध्ये नाव घालावं, असा माझा विचार. म्हणून आज चौकशीला गेले. सासूबाई सोबत होत्या.

तिथले टायवाले गृहस्थ म्हणाले, "अभ्यास तुमच्या सवडीने, परीक्षा तुमच्या सवडीने. प्रवेश मात्र आजच घ्या, उद्या बंद."

मला हे काही पटेना. विचारलं, "लोडशेडिंगमध्ये पेपर अर्धाच राहिला तर?"

"काळजी नको मॅडम, उरलेला आम्ही लिहून टाकू."

आता सासूबाई सरसावल्या. "इथून पास झालेला एक तरी माणूस सांगा बघू."

"सगळे मुंबईला असतात, आजी."

"असूंदेत की. आमचेही अर्धे तिथेच आहेत. पण मूळ गाव कुठला त्यांचा? कुणाचे ते?"

गृहस्थांनी प्रवेशाचा फॉर्म पुढे सरकवला. आम्ही उठलो.

रिक्षात मी म्हटलं, "वाचलो बाई! शिकायचं बघू नंतर."

सासूबाई बाहेर बघतच म्हणाल्या, "तो 'आजच' म्हणाला, म्हणून तुला त्याचा संशय आला. तू लग्न झाल्यापासून 'नंतर' म्हणतेस, म्हणून मला तुझा येतो."

तेव्हा मंडळी, असं घरी बसून खरोखर पास झालेलं कुणी इथे आहे का? असेल तर आजच सांगा. गावाच्या नावासकट.