हळदीतलं पांढरं

नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये धाकट्या बहिणीची हळद होती आणि व्हिडिओचं काम माझ्याकडे. डेकोरेटरनं पिवळं छत बांधलं, त्यावर जांभळे दिवे सोडले. पाहुण्यांना आधीच बजावलं होतं, सगळ्यांनी पिवळं घालायचं. कागदी रुमालसुद्धा पिवळे. ऑटो मोडवर ठेवलेला माझा कॅमेरा स्वतःला फार शहाणा समजतो. एवढं पिवळं असूच शकत नाही, असं ठरवून त्यानं चूक सुधारली. हळद जवळजवळ पुसली गेली आणि नवरी फ्रिजमधून काढल्यासारखी निळसर दिसू लागली.

उपाय सोपा असतो. नवरीच्याच उजेडात पांढरी वस्तू धरायची, कॅमेऱ्याला दाखवायची आणि बटण दाबायचं. बाबा रे, हे पांढरं, आता बाकीचं यावरून ठरव. त्यासाठीचं पांढरं कार्ड माझ्या बॅगेत होतं. ते काढायला वाकले आणि दारापाशी आई दिसली.

वडील गेल्यापासून आईनं अशा कार्यात मागं राहायचं, हे आत्यानं ठरवलेलं. ती खास तेवढ्यासाठीच उरणहून आल्यासारखी पाटाजवळ ठाण मांडून बसली होती. आमचे लोक तसे पुढारलेले. विधवेला पांढरं नेस असं आता कुणी म्हणत नाही, 'साधीच नेस गं' एवढंच म्हणतात. आई पांढरी साडी नेसून, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहून, पोटच्या मुलीची हळद बघत होती. माझं डोकंच फिरलं.

मी बॅगेची चेन लावून टाकली.

"पांढरं काहीतरी द्या," मी ओरडले. "नाहीतर सगळा व्हिडिओ निळा येईल!"

एका काकांनी तत्परतेनं रुमाल पुढे केला. त्यावर हळदीची पाचही बोटं उमटलेली.

"आई, तूच ये. तुझा पदर पाहिजे."

"तिला कशाला?" आत्या म्हणाली. "आपल्यात तसा नाय चालत."

"आत्या, टेक्निकल आहे."

यावर आमच्या घराण्यात अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही. आई आली, नवरीशेजारी पदर धरून उभी राहिली. मी बटण दाबलं, आणि हळद हळदीसारखी दिसू लागली. काम संपलं होतं, पण ते मला एकटीलाच माहीत.

"हलू नकोस," मी म्हटलं. "खाली बस. अजून जवळ."

बहिणीनं हळदीची वाटी आईपुढे सरकवली. आत्यानं तोंड उघडलं.

"आत्या, रेकॉर्डिंग चालू आहे!"

आत्या कॅमेऱ्याकडे बघून हसली. तेवढ्यात आईनं बोटं बुडवली आणि लेकीच्या गालाला हळद लावली. बहिणीनं तिला तशाच माखलेल्या हातांनी मिठी मारली. दोघी रडल्या. मीही रडले, त्यामुळे तेवढा भाग हललाय.

पुढे व्हिडिओ बघताना आत्या म्हणाली, "रंग बाकी बरोबर आलाय हां." पदरावरचे पिवळे हात अगदी स्वच्छ दिसतात. ती साडी आईनं अजून धुतलेली नाही.